पाय शेवटी थकतात

सहाशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, चाळीस तासांत पूर्ण करायची असते. चालत्या सायकलचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर ३० तास सीटवर जातात. खाणं, झोप, पंक्चर, गप्पा आणि कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नेमलेल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर घ्यायचा शिक्का यांसाठी १० तास उरतात. हाच वेग २२ वर नेला तर पावणेतीन तास वाचतील. पण नोकरी-संसार सांभाळून सायकल चालवणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला ताशी दोन किलोमीटरची ही वाढ सहा-आठ महिन्यांच्या नेमाच्या सरावानंतरही मिळेलच असं नाही. उलट वाटेतल्या दहा थांब्यांवर पंधरा-पंधरा मिनिटं कमी घालवली, तर अडीच तास तिथेच हाती लागतात. त्यासाठी घामाचा थेंबही गाळावा लागत नाही.

तरीही आपल्याकडे तयारीची चर्चा फिरून फिरून वेगावर, वॉट्सवर आणि सायकलच्या वजनावर येते. गेल्या दीड दशकात महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड चांगलंच पसरलं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथले क्लब हंगामात जवळपास दर पंधरवड्याला काही ना काही भरवतात. डोंगरी सायकलिंगकडे वळणारेही वाढताहेत. त्यामुळे या प्रकारांची तयारी म्हणजे नेमकी कशाची तयारी, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. लांबच्या राईडमध्ये पोट, झोप, बूड आणि अंदाज हे चार आधी दगा देतात, पाय सगळ्यात शेवटी. डोंगरी सायकलिंगमध्ये या यादीत हातांचं कसब येतं, आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर.

ब्रेव्हेचं मूळ फ्रान्समध्ये आहे. १८९१ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राचे संपादक पिएर जिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत काढली. सायकल ही कामाची वस्तू आहे हे लोकांना पटवायचं होतं, आणि वृत्तपत्राचा खपही वाढवायचा होता. शार्ल तेरों या सायकलपटूने न झोपता बहात्तर तासांच्या आत ती जिंकली. व्यावसायिक शर्यत पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली. हौशी स्वारांची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस मात्र टिकली आणि आता दर चार वर्षांनी होते. मुदत ९० तासांची. तिथे जायचं तर आधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर असा जिना चढावा लागतो. त्यासाठी अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास मिळतात. एका हंगामात चारही पूर्ण केले की ‘सुपर रँदोनर’, म्हणजे आपल्या बोलीत ‘एसआर’. १९०४ मध्ये स्थापन झालेला ओदाक्स क्लब पारिझियाँ जगभरच्या या ब्रेव्हेंना मान्यता देतो. भारतात हा प्रकार २०१० च्या सुमारास रुजला. तो रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा वाटा मोठा आहे.

ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतो. कंट्रोल सोडून वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, रात्री दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं. याच्या पलीकडे अल्ट्रा शर्यतींचं जग आहे. तिथे मागे गाडी असते, गाडीत क्रू असतो आणि घड्याळ थांबत नाही. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ आपल्याकडची ठळक शर्यत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेणाऱ्या ‘रॅम’ची, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिकाची, ती पात्रता फेरी आहे. रॅम जवळपास पाच हजार किलोमीटरची. एकट्याने करायची तर बारा दिवसांत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने, तर २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी. या यादीत डॉक्टर किती आहेत ते बघा. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. शरीरात काय बिघडतंय हे वेळीच ओळखता येणं हा या खेळात निम्मा विजय असतो.

२०१९ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला भारतातून दोनशेहून अधिक सायकलस्वार गेले होते. त्यातल्या बहुतेकांना नव्वद तासांच्या आत परतता आलं नाही. हे सगळे एसआर झालेले, म्हणजे सहाशे किलोमीटर चाळीस तासांत मारून दाखवलेले लोक. पायात दम नव्हता असं म्हणायला जागाच नाही. तिथे भेटला तो उन्हाळ्यातही पाच-सहा अंशांवर उतरणारा रात्रीचा गारठा, समोरचा वारा, ब्रिटनी प्रांतातले एकही लांबलचक घाट नसलेले पण कधी न संपणारे चढउतार, कंट्रोलवरच्या रांगा आणि बदललेल्या घड्याळाने आधीच विस्कटलेली झोप. सपाट महामार्गांवर एसआर पूर्ण केलेल्याला या कशाचीच सवय नव्हती. आपण सराव कुठे आणि कशाचा करतो, यावर हा निकाल फार बोलका आहे.

आता खुद्द सरावाकडे. यात ढोबळ दोन घराणी आहेत. एक किलोमीटरवाल्यांचं. त्यांच्या मते महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर पायाखालून घाला, बाकी सगळं आपोआप होतं. दुसरं इंटरव्हलवाल्यांचं. आठवड्याला सहा तास पुरतात, पण त्यात छाती फुटेपर्यंत चार-चार मिनिटांचे झपाटे हवेत, असं ते म्हणतात. नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या धावपटू, नावाडी, स्कीपटू आणि सायकलपटूंचा सराव तपासला, तेव्हा निराळंच चित्र दिसलं. त्यांच्या सरावसत्रांपैकी साधारण ऐंशी टक्के सत्रं अगदी हलकी होती आणि उरलेली खरोखर जोराची. मधल्या वेगाला त्यांच्याकडे फारसा थारा नव्हता.

हौशी माणूस नेमका त्या मधल्या वेगातच अडकतो. रविवारची ग्रूप राईड आठवा. सिंहगड पायथ्यापर्यंत ‘आज निवांत हं’ म्हणून निघालेला जथा खडकवासल्याच्या अलीकडेच एकमेकांचं चाक सुटू नये म्हणून धापा टाकू लागतो. ती राईड ना धड हळू असते, ना धड जोरात. थकवा पुरेपूर मिळतो, फायदा बेताचा. हळू म्हणजे किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकं. या एका कसोटीला यंत्र लागत नाही. आपल्याकडे ती पाळली जात नाही, कारण हळू चालवताना मागून कुणी पुढे गेलेलं सहन होत नाही.

पहिली दोनशेची ब्रेव्हे करणाऱ्याने आठवड्यातले दोन दिवस तासाभराचा जोराचा सराव करावा, घाटावर किंवा घरातल्या ट्रेनरवर. शनिवार-रविवार सलग दोन दिवस लांब आणि हलकं चालवावं. सलग दोन दिवस महत्त्वाचे आहेत. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा सायकलवर बसणं हीच पुढच्या चारशे-सहाशेची तालीम असते. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अनुभवाचा ठोकताळा आहे, विज्ञानाचा नियम म्हणून मिरवण्याची गरज नाही. तरी तो पाळलेला बरा, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. मुख्य राईडच्या आधीच्या दोन आठवड्यांत एकूण सराव निम्म्यावर आणायचा, पण त्यातला थोडा जोराचा भाग तसाच ठेवायचा, यावर मात्र अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. ‘आत्मविश्वास यावा म्हणून’ आदल्या आठवड्यात दोनशे किलोमीटर मारून येणारे लोक आत्मविश्वास कमावतात आणि ताजेपणा घालवतात.

पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र, हवा का, हा प्रश्न हल्ली दुसऱ्याच महिन्यात विचारला जातो. तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद, म्हणजे एफटीपी, काढायची आणि तिच्या टक्केवारीत सराव बसवायचा, ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. प्रश्न एवढाच की पन्नास टक्क्यांवर दिवसभर चालवणाऱ्याला तिचा उपयोग किती. मला तो एकाच ठिकाणी मोठा वाटतो, पहिल्या दोन तासांत स्वतःला आवरायला. भल्या पहाटेची थंडी, सोबतीला शंभर दिवे आणि ताजे पाय, या तिन्हींच्या नशेत माणूस दुपारची शिदोरी सकाळीच संपवतो. हृदयाचे ठोके मोजणारा स्वस्तातला पट्टाही हे काम करतो. फक्त उन्हात आणि अंगातलं पाणी कमी झाल्यावर त्याच मेहनतीला ठोके वाढत जातात, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा लागतो.

घाटांचा विषय निघाला की गिअरबद्दल बोललं पाहिजे, कारण इथे पैसे आणि गुडघे दोन्ही वाचतात. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये जवळपास तेराशे मीटरची चढाई. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे २८ दात्यांची सर्वांत मोठी, अशा सायकलवर पेडल मिनिटाला साठ वेळा फिरवलं तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर असतो. चढ तीव्र झाला आणि वेग त्याखाली उतरला की पेडलं दाबत, उभं राहून, गुडघ्यांवर भार टाकत चढावं लागतं. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवली तर तीच लय साडेसात किलोमीटरच्या वेगालाही राखता येते. हा बदल कार्बनच्या चाकांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पण मागे मोठी कॅसेट असणं कमीपणाचं, असा एक विचित्र समज दुकानापासून ग्रूपपर्यंत पसरलेला आहे. सायकल दोनशे ग्रॅमने हलकी करायला लोक हजारो रुपये खर्चतात आणि पोटावरच्या चार किलोंबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

पोटाचाच विषय काढला आहे तर सविस्तर बोलू. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साठलेली साखर सुमारे दोन हजार कॅलरींची असते. मध्यम वेगाला तासाला पाचशेच्या आसपास खर्च होतात. चरबी बराच भार उचलते, तरी काही तासांत साखरेचा साठा तळाला जातो. मग अचानक हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि चिडचिड तर इतकी की सोबत्याच्या शिट्टीचाही राग यावा. सायकलवाले याला ‘बाँक होणं’ म्हणतात. टाळायचं तर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि तीही पहिल्या तासापासून. आतड्यातून निव्वळ ग्लुकोज तासाला साठच्या आसपासच शोषलं जातं. त्यात फ्रुक्टोज मिसळलं तर ते दुसऱ्या वाटेने जातं आणि नव्वदपर्यंत मजल मारता येते. महागड्या जेलच्या पाकिटांवर हेच मिश्रण छापलेलं असतं.

आपल्या घरच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात. अर्धा लिटर पाण्यात सहा-सात चमचे साखर, लिंबू आणि मीठ घातलं, सोबत एक केळं खाल्लं, की साठ ग्रॅमच्या जवळ पोचलोच. खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गुळाची पोळी, दहीभात हे सगळं लांबच्या राईडला उत्तम चालतं. शेंगदाण्याची चिक्की हळू चालवताना ठीक. तिच्यात तेल बरंच असल्यामुळे घाटाच्या तोंडाशी ती नको. मिसळीबद्दल लिहिलं तर शिव्या बसतील, तरी लिहितो. पहिल्या कंट्रोलवर यथेच्छ मिसळ चापणं ही महाराष्ट्राची खास परंपरा आहे, आणि ती तर्री दुपारच्या उन्हात, पुढच्या घाटाच्या मध्यावर आपला हिशेब मागते.

मुख्य म्हणजे खाण्याचाही सराव लागतो. आतडी सवयीने तयार होतात. जो पदार्थ सरावाच्या राईडवर चार वेळा पचला नाही, तो मुख्य दिवशी तोंडात घालू नये. पाण्याचंही तसंच. ताशी अर्धा ते पाऊण लिटर, कोकणातल्या दमट उन्हात त्याहून जास्त, आणि सोबत मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम खाली जाऊन माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. दुसरी धोक्याची गोष्ट वेदनाशामक गोळी. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आपल्याकडे त्या चुरमुऱ्यासारख्या वाटल्या जातात. हे थांबायला हवं. तसंच चाळिशीनंतर या खेळात उतरणाऱ्याने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि ताप असताना, तो कितीही बारीक असो, सायकलला हात लावू नये.

झोपेबद्दल जितकं फुशारकीने बोललं जातं तितकं अभ्यासाने बोललं जात नाही. पहाटे दोन ते पाच ही शरीराच्या घड्याळातली सर्वांत पडती वेळ. या वेळात डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-चार सेकंद झोपून जातो. ताशी पंचवीसच्या वेगाला चार सेकंदांत सायकल जवळपास अठ्ठावीस मीटर पुढे जाते, तेवढ्यात रस्त्याची कड ओलांडून होते. त्यामुळे ‘मी झोपलोच नाही’ ही प्रौढी मला गुन्ह्याच्या कबुलीसारखी ऐकू येते. झोप साठवता येत नाही असं म्हणतात, पण आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोपलेला माणूस जागरण बरं सोसतो. राईडमध्ये एकतर वीस मिनिटांची डुलकी काढावी, नाहीतर सरळ दीड तास झोपावं. मधल्या लांबीच्या झोपेतून उठणारा अर्धा तास बधिर असतो. कॉफी पिऊन लगेच डुलकी घेतली तर उठेपर्यंत कॉफीचा अंमल चढू लागतो. टपरीवरच्या कटिंगमध्ये त्या मानाने कॅफीन थोडं असतं, तिच्या भरवशावर रात्र काढू नये. ढाब्याची खाट, बंद दुकानाचा ओटा, पेट्रोल पंपाची पडवी, एटीएमची खोली, या भारतीय रँदोनरच्या धर्मशाळा. कुठल्या गावाच्या आसपास पहाटेचे दोन वाजतील आणि तिथे पाठ टेकायला काय मिळेल, हा विचार घरीच, नकाशावर व्हायला हवा.

बूड, हात आणि मान यांचं दुखणं विनोदात निघून जातं, पण राईड सोडायला लावणाऱ्यांत ते वरच्या क्रमांकावर आहे. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं निराळं असतं आणि सॅडलची रुंदी त्यानुसार हवी. मऊ, जाड गादीचं सॅडल पहिल्या तासाला सुखाचं आणि सहाव्या तासाला जाचाचं. गादीच्या सायकलिंग शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही, ही साधी गोष्टही अनेकांना पहिल्या फोडानंतर कळते. हँडलबारवर एकाच जागी भार राहिला तर तळहातातली नस दबून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. कधीकधी पुढे कित्येक आठवडे शर्टाचं बटण लावता येत नाही. मानेचं दुखणं तर रॅममध्ये नाव कमावून बसलं आहे. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शेर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके निकामी झाले की डोकं वर धरता येईना. तेव्हापासून त्याला ‘शेर्मर्स नेक’ म्हणतात.

यावर उपाय म्हणजे सायकलचं माप नीट बसवणं आणि सायकलवरून उतरून केलेला व्यायाम. सायकलिंगमध्ये हाडांना दणके बसत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांच्या मणक्याची हाडं विरळ झालेली आढळतात. सूर्यनमस्काराने लवचीकपणा येतो, ताकदीसाठी वजन उचलावं लागतं. आठवड्यातून दोनदा बैठका, डेडलिफ्ट आणि पोट-पाठीचे व्यायाम करणाऱ्याला चारशेव्या किलोमीटरला त्याचा अर्थ कळतो.

बहुतेक आराखडे पुरुषांचं शरीर समोर ठेवून लिहिलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात बाईच्या सरावाची पहिली पायरी हिमोग्लोबिन आणि लोहाच्या साठ्याची तपासणी हीच असली पाहिजे. दम लागतो म्हणून जास्त मेहनत करायची आणि आणखी खचायचं, हा फेरा अनेकींच्या वाट्याला येतो. वजन घटवण्याच्या नादात कमी खाऊन पाळी बंद पडणं हे ‘फिट’ असल्याचं लक्षण नसून धोक्याची घंटा आहे. बाकी क्षमतेची शंका कुणाला असेल तर जर्मनीच्या फिओना कोल्बिंगरने २०१९ मध्ये युरोप ओलांडणारी ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यत सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीत पाऊल ठेवताना, १५९ दिवसांत सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी लेह ते मनाली हे अंतर साडेपंचावन्न तासांच्या आत कापलं. आपल्या आयोजकांनी मात्र रात्रीच्या कंट्रोलला स्वच्छ, उजेडातलं स्वच्छतागृह असेल एवढं जरी पाहिलं, तरी नोंदणी करणाऱ्या स्त्रिया वाढतील.

डोंगरी सायकलिंग हा वेगळाच खेळ आहे, आणि रस्त्यावरचा एसआर त्यात पहिल्या उतारालाच भुईसपाट होतो. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली क्रॉस-कंट्री शर्यत दीड तासाच्या आसपास संपते आणि तेवढा सगळा वेळ छातीचा भाता चालू असतो. चढावर वीस-तीस सेकंदांचे झटके द्यायचे, विसावा उतारावर, आणि उतारावर तर सर्वांत जास्त लक्ष लागतं. इथे इंटरव्हलवाल्यांचं घराणं शंभर टक्के बरोबर आहे. अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतींत दोन्ही घराण्यांचं लागतं. दक्षिण आफ्रिकेची केप एपिक आठ दिवसांची, जोडीने करायची. दोघांमधलं अंतर दोन मिनिटांहून वाढलं तर दंड होतो. म्हणजे जोडीदार निवडणं हाही सरावाचाच भाग. आपल्याकडे सिमल्याच्या परिसरातली एमटीबी हिमालया २००५ पासून या खेळाची पाठशाळा ठरली.

पण दमाच्या आधी कसब येतं. दोन्ही पेडलं आडवी ठेवून उभं राहणं, कोपर आणि गुडघे सैल ठेवणं, ब्रेकवर एकच बोट आणि पुढच्या ब्रेकची भीती न बाळगणं, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा मीटर पुढच्या वाटेवर ठेवणं. सायकल नजरेमागे जाते. दगडाकडे पाहाल तर दगडावरच आदळाल. हे सगळं सोसायटीच्या आवारात, दोन विटा आणि एक फळी मांडून शिकता येतं. शर्यतीच्या महिनाभर आधी नव्वद किलोमीटर रस्त्यावर मारण्यापेक्षा रोज वीस मिनिटं हे केलेलं जास्त कामाला येईल. टायरमधल्या हवेचंही असंच. रस्त्याच्या सवयीने लोक डोंगरी टायर दगडासारखे घट्ट फुगवतात आणि मुरुमावर घसरतात. ट्यूबलेस टायरला स्वाराच्या वजनानुसार वीस ते अठ्ठावीस पीएसआय पुरतात. सस्पेंशनमधली हवाही आपल्या वजनाला बेतून भरावी लागते, हे तर दुकानातून नवी सायकल आणणाऱ्या अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सह्याद्री या सरावाला कठीण आणि म्हणूनच चांगला आहे. देशावर सुटा मुरूम आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या, कोकणात जांभा आणि शेवाळ, घाटमाथ्यावर पावसाने उघडे पडलेले धोंडे. अडचण वाटांच्या हक्काची आहे. शहरालगतच्या टेकड्यांवर चालायला, पक्षी पाहायला येणाऱ्यांचा हक्क पहिला. उतारावर ओरडत सुटलेला सायकलवाला त्यांना नकोसा होणारच. भर पावसात त्याच त्याच पायवाटेवर चाकं फिरली की तिची घळ होते. वनखातं आणि क्लब यांनी मिळून काही वाटा ठरवून, आखून, हंगाम बांधून दिल्या तर सगळ्यांचं भलं होईल. तोवर घंटा वाजवणं, थांबणं आणि चालणाऱ्याला वाट देणं हाच शहाणपणा.

हिमालयात जाणाऱ्याने उंचीचा वेगळा हिशेब धरावा. समुद्रसपाटीला जेवढा प्राणवायू वापरता येतो त्याची मर्यादा दर हजार मीटरला साधारण सहा-सात टक्क्यांनी घसरते. जालोरी खिंड तीन हजार एकशे मीटरच्या वर, स्पितीतलं काझा तीन हजार आठशेच्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम हौशी आणि कसलेला असा भेद करत नाही. तंदुरुस्त माणसाला उंची कमी बाधते, हा भ्रम आहे. उलट तो वेगाने वर चढतो आणि लवकर सापडतो. पुण्या-मुंबईत राहून या विरळ हवेची सवय करता येत नाही. चार-पाच दिवस आधी पोचणं, एवढाच खात्रीचा मार्ग. तेवढी रजा नसेल तर त्या वर्षी ती शर्यत करू नये.

या सगळ्याचा बाजारही उभा राहिला आहे. ऑनलाइन प्रशिक्षक, बारा आठवड्यांचे आराखडे, घरातले स्मार्ट ट्रेनर. मुंबईच्या पावसाळ्यात ट्रेनर खरोखर उपयोगी आहे आणि चांगला प्रशिक्षक मुख्यतः तुम्हाला जास्त करण्यापासून अडवतो, त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. मात्र अंधारात, पावसात, थंड पडलेल्या बोटांनी मागच्या चाकाची ट्यूब बदलायला कुठलंही ॲप शिकवत नाही. एकदा घरातले दिवे मालवून ते करून बघावं.

शेवटी एक मागणं क्लबांकडे. प्रत्येक ब्रेव्हेनंतर पूर्ण करणाऱ्यांची यादी आणि पदकांचे फोटो निघतात. सोडणाऱ्यांपुढे नुसतं ‘डीएनएफ’, म्हणजे ‘डिड नॉट फिनिश’, लागतं आणि विषय संपतो. नवख्याला सर्वांत उपयोगी माहिती त्या तीन अक्षरांमागे दडलेली असते. कितव्या किलोमीटरला, किती वाजता आणि कशामुळे सोडली, हे तीन रकाने क्लबांनी भरून घ्यावेत, नावं गाळून हंगामाच्या शेवटी जाहीर करावेत. दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर, इथल्या उन्हात आणि इथल्या खाण्यावर बेतलेला तयारीचा आराखडा आपल्या हाती असेल. ब्रेव्हेचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो. रकाने त्याआधी आखून ठेवता येतील.